बर्फावरचा सभ्य ब्रेक

"अरे, गाडी पळतेय अजून!" मागच्या सीटवरून सहकारी ओरडला. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर वेग ताशी 24 किलोमीटर दिसत होता आणि तळ्याच्या कडेला रोवलेल्या काठ्या सर्रकन मागे जात होत्या.

फेब्रुवारीत आम्ही दोघं पुण्याहून स्वीडनच्या आर्येप्लोगला गेलो होतो. आर्क्टिक वृत्ताच्या जरा खालचं हे छोटं गाव. तळी गोठली की गाड्यांचे एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, तपासायला जगभरची मंडळी इथे येतात. आमची गाडी फोर व्हील ड्राइव्ह. दणकून ब्रेक मारायच्या चाचण्या सकाळीच पास झाल्या होत्या. साठच्या वेगाने येऊन हलका ब्रेक दाबायचा, ही एकच राहिली होती. म्हटलं, जेवणाआधी उरकून टाकू.

रस्त्याची पकड मोजणारा सेन्सर गाडीत नसतो. चाकं किती वेगाने फिरतात ते कळतं, गाडीचा खरा वेग मात्र अंदाजाने काढावा लागतो. या दोन्हींतला फरक म्हणजे घसरण, आणि घसरणीवरून पकड ताडायची. सरळ रस्त्यावर एका वेगाने चालवत राहिलात तर गाडीला बर्फ आणि डांबर जवळजवळ सारखंच. ब्रेक दाबा, वळवा, मग ती सांगेल.

इथे ब्रेक दाबूनही ती गप्पच होती. ग्राफ उघडला तर चारही चाकांच्या रेघा एकमेकींवर बसलेल्या. एखादं चाक झपकन लॉक झालं असतं तर एबीएसच्या कंट्रोलरने लगेच पकडलं असतं. पण ही चाकं पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या शाफ्टने एकमेकांना बांधलेली, हळूहळू, एकदमच मंदावत होती, सेकंदाला अडीच मीटर प्रति सेकंद या दराने. डांबरावर हा अगदी सभ्य ब्रेक. चकचकीत बर्फावर म्यू, म्हणजे पकडीचा आकडा, असतो 0.1 च्या आसपास, म्हणजे गाडी फार तर एकच्या दराने मंदावणार. चार सेकंदांनी चाकं म्हणत होती 24, छतावरचा जीपीएस म्हणत होता 46. आणि चार चाकं एका सुरात सांगतायत म्हटल्यावर कंट्रोलरने गाडीचा वेगही 24 धरला. घसरण शून्य, एबीएस निवांत. स्टिअरिंग तर लोण्यात चमचा फिरवावा तसं फिरत होतं.

खरं सांगणारा एक साक्षीदार गाडीत होता: अ‍ॅक्सेलेरोमीटर. गाडीच्या वेगातला बदल थेट मोजणारा हा सेन्सर बरोबर एक दाखवत होता. त्याचं कुणी ऐकलं का नाही, हे शोधताना माझं जेवण राहिलं. शेवटी सापडलं, तेही माझ्याच सहीच्या बदलात. पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना हाच सेन्सर आम्हाला छळत होता. दहा टक्के उतारावर गाडी एका वेगाने चालली असली तरी गुरुत्वाकर्षणामुळे तो ती एकच्या दराने मंदावतेय असं दाखवतो. त्यामुळे वेगाच्या अंदाजात त्याच्या म्हणण्याला असलेलं वजन मीच पार खाली आणलं होतं. घाटात सगळे खूश झाले होते.

सहकारी म्हणाला, "वाढव परत." पण मग घाट बिघडणार. संध्याकाळपर्यंत दुसरा उपाय बसवला: सेन्सर आणि चाकांचं जमेना झालं की पुढची-मागची चाकं जोडणारा मधला क्लच उघडायचा आणि एका मागच्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडायचा. मोकळं सुटलेलं चाक रस्ताच फिरवतो, म्हणजे ते गाडीचा खरा वेग सांगतं.

अंधार पडता पडता शेवटची फेरी घेतली. तीन रेघा खाली गेल्या, चौथी मध्येच उसळून जीपीएसच्या रेघेला टेकली, आणि पायाखाली एबीएसची ओळखीची थरथर सुरू झाली. घाट मात्र मे महिन्यात पुन्हा उतरावा लागला, अकरा वेळा.