बाकावरचा दांडा

आज संध्याकाळी चालून झाल्यावर नेहमीच्या बाकावर टेकायला गेले आणि थबकले. मधोमध लोखंडी दांडा! नवाकोरा, वेल्डिंगचा काळा डाग अजून तसाच.

"आता कोणी झोपणार नाही," शेजारच्या काकू समाधानाने म्हणाल्या.

महिनाभर तिथे एक म्हातारे गृहस्थ झोपायचे. चपला उशाला, पिशवीची गाठ मनगटाला. सकाळी उठले की जाण्याआधी बाक हाताने झाडायचे. त्रास असा कोणालाच नव्हता. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार मात्र रोज, "बरं दिसत नाही."

"मग ते गेले कुठे?" मी विचारलं.

"असतील कुठेतरी. आपल्याकडे नकोत, एवढंच."

'आपल्याकडे' हा शब्द काही डोक्यातून जाईना. कारण खरं सांगायचं तर मीही त्या बाकाला वळसा घालूनच जायचे. तक्रार केली नाही, पण नावही विचारलं नाही कधी.

लंडनच्या कॅम्डेनमध्ये २०१२ साली असा काँक्रीटचा बाकच घडवून घेतला की त्यावर आडवं होणं मुश्कील. फिनलंडने मात्र २००८ पासून उलटं धोरण धरलं. बेघरांना आधी घराची किल्ली. व्यसन सोडणं, नोकरी वगैरे त्यानंतर.

आणि आम्ही? दांडा.

शेवटी बसलोच दोघी, दांड्याच्या दोन बाजूंना, अंग चोरून. काकूंना पाय वर घ्यायची सवय. आज त्यांनाही ते जमेना.