आधी घरचे कागद, मग युनिव्हर्सिटीची यादी

अमेरिकेत एमएसला जायचं ठरलं की घरात जीआरई आणि टोफेल या परीक्षा, एसओपी म्हणजे स्वतःबद्दलचा निबंध, एलओआर म्हणजे शिफारसपत्रं यांची चर्चा महिनोन् महिने चालते. पैशाच्या कागदांचा विषय निघतो तो अ‍ॅडमिशन हातात आल्यावर. मी सांगलीत विश्रामबागला सीएची प्रॅक्टिस करते. मार्च उजाडला की अशी कुटुंबं ऑफिसात यायला लागतात. मुलगा किंवा मुलगी, सोबत वडील, बऱ्याचदा एखादा मामा. मोबाइलवर अ‍ॅडमिशनचा ईमेल, आणि आय-ट्वेंटी काढण्यासाठी युनिव्हर्सिटीने मागितलेल्या पुराव्यांची यादी. "मॅडम, नेटवर्थचं सर्टिफिकेट पाहिजे, दोन दिवसांत." म्हणजे घरची मालमत्ता वजा कर्ज किती, याचा सीएने दिलेला दाखला. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही आनंद होतो. पण पुढच्या अर्ध्या तासात त्यातल्या कितीतरी चेहऱ्यांवर काळजी उतरते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आय-ट्वेंटी म्हणजे युनिव्हर्सिटीने दिलेला तो कागद, ज्याच्यावर पुढे एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा मिळतो. त्यावर एका बाजूला वर्षाचा अंदाजे खर्च असतो: ट्यूशन, राहणं-जेवण, इतर. दुसऱ्या बाजूला तो पैसा कुठून येणार ते: स्वतःचा, युनिव्हर्सिटीचा, कुटुंबाचा. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय कागद निघत नाही. समजा वर्षाचा खर्च 45,000 डॉलर आहे. डॉलर 88 रुपये धरला तर 39 लाख 60 हजार होतात. डॉलर एका रुपयाने वाढला की 45,000 रुपये आणखी. हा फक्त पहिल्या वर्षाचा आकडा आहे, हे बरेच जण विसरतात. एमएस बहुतेक ठिकाणी दीड-दोन वर्षांचं. दुसऱ्या वर्षाचे पैसे आय-ट्वेंटीवर दाखवावे लागत नाहीत, पण भरावे लागतातच.

हे पैसे लगेच वापरता येतील असे लागतात. बँकेतली शिल्लक, एफडी, मंजूर झालेल्या शैक्षणिक कर्जाचं पत्र. आणि इथेच आपल्या जिल्ह्याचा प्रश्न सुरू होतो, कारण आपल्याकडे संपत्ती आहे ती जमिनीत.

तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार आले होते. मुलीला फूड सायन्सला अ‍ॅडमिशन मिळालेली. त्यांनी टेबलावर सातबारे मांडले, एकाखाली एक, कडा जुळवून. चार गट नंबर, सगळी बाग, विहीर, ठिबक. बाजारभावाने कोटीच्या वरची जमीन. "एवढं हाय की मॅडम, अजून काय पाहिजे त्यांना?" मी सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोट ठेवलं. विकास सोसायटीचा बोजा, जिल्हा बँकेचा बोजा. हे पीककर्जाचे बोजे इथे प्रत्येकाच्या उताऱ्यावर असतात, त्यात वावगं काहीच नाही. पण ते नसते तरी बँकेने शैक्षणिक कर्जाला ती जमीन तारण म्हणून घेतली नसती. थकलेलं कर्ज कोर्टात न जाता वसूल करण्याचा अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने दिला, आणि त्याच कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण म्हणून बँक मॅनेजर सातबारा बाजूला सारतो आणि विचारतो, फ्लॅट आहे का, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट आहे का, एफडी आहे का?

त्यांचं गावात घर होतं, दुमजली, चांगलं बांधलेलं. पण गावठाणातलं, आणि कागद म्हणून ग्रामपंचायतीचा आठ-अ, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा. अशा घरांना प्रॉपर्टी कार्ड देण्यासाठी 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी सुरू झाली. ज्यांच्या गावात ती झाली असेल त्यांनी आपलं कार्ड काढून ठेवावं. आठ-अ वर भागवून घेणारी बँक शोधत बसण्यापेक्षा ते परवडतं. यांचं कार्ड निघालेलं होतं, पण नाव आजोबांचं. आजोबा वारलेले. वारस म्हणजे वडील, चुलते आणि दोन आत्या. तारण द्यायचं तर सगळ्यांची संमती हवी.

आत्यांकडे कोण बोलणार, यावर वडील गप्प झाले. वाटणीचा विषय घरात मागे कधीतरी निघून कडू झालेला असणार. तेव्हा ती मुलगी, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "मी बोलते आत्याशी. माझ्या शिक्षणासाठी आहे, मीच विचारायला पाहिजे." तिने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि किती कर्ज, किती वर्षं, हप्ता किती, थकलं तर घराचं काय होऊ शकतं, हे सगळं विचारून लिहून घेतलं. आत्यांना हे सगळं सांगूनच विचारणार, म्हणाली. मला त्या क्षणी तिचं फार कौतुक वाटलं. पैशाचं बोलणं वडील आणि सीए यांनी करायचं आणि मुलांनी मोबाइलमध्ये बघत बसायचं, हे चित्र मी रोज बघते. कर्ज मुलांच्या नावावर असतं, वडील सहकर्जदार असतात. आकडा मुलांना तोंडपाठ पाहिजे. दोन्ही आत्यांनी सह्या दिल्या. धाकटी तर स्वतः बँकेत येऊन बसली होती.

सांगली शहरात राहणाऱ्यांची अडचण वेगळी, गुंठेवारीची. आपल्या शहरात कितीतरी वसाहती गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवर उभ्या आहेत. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने त्या नियमित करून घ्यायची सोय केली, पण अनेकांनी पैसे भरून प्रमाणपत्र घेतलेलंच नाही. घर बांधून वीस वर्षं झाली, घरपट्टी नियमित भरतोय, मग काय अडतंय, असं वाटतं. बँकेचा वकील मालकीचे कागद तपासून सर्च रिपोर्ट देतो, त्यात ते अडतं. महापालिकेतलं ते काम आठवड्यात होणारं नाही. ज्यांची मुलं आज इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात आहेत त्यांनी आत्ताच चौकशी करावी.

उत्पन्नाचंही तेच. शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ, त्यामुळे आपल्याकडे बरेच शेतकरी रिटर्न भरतच नाहीत. कायद्याने चुकीचं नाही. पण बँक सहकर्जदाराची दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागते, आणि पंधरा-वीस लाखांची द्राक्षं विकणाऱ्या माणसाकडे दाखवायला काहीच नसतं. ऊसवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं, कारखान्याचं बिल बँकेत जमा होतं, नोंद राहते. द्राक्षाचा व्यवहार व्यापाऱ्याशी बागेत होतो आणि त्यातला मोठा भाग रोखीचा असतो. माझं सांगणं असं, की मुलगा बारावीत गेला की शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरायला लागा. 5,000 रुपयांच्या वर शेती उत्पन्न असलं की साधा आयटीआर-वन चालत नाही, आयटीआर-टू लागतो. कर शून्य येऊ दे. बेदाण्याची पट्टी आणि व्यापाऱ्याचे पैसे खात्यातून घ्या. तीन वर्षांनी तीच पासबुकं तुमच्या बाजूने बोलतील.

वेळापत्रकाची एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. फॉलचे, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राचे अर्ज आदल्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये भरायचे असतात. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची फळछाटणी. औषधं, मजुरी, डिपिंग, सगळा खर्च त्याच दिवसांत, आणि हातात पैसा यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. एका अर्जाची फी साधारण 75 ते 125 डॉलर. फी 90 डॉलर धरली तर आठ अर्ज म्हणजे 720 डॉलर, 88 च्या दराने 63 हजारांच्या पुढे. वर जीआरईची आणि इंग्रजीच्या परीक्षेची फी, स्कोअर पाठवायचे पैसे. घरात फवारणीची उधारी चालू असताना मुलं हे मागायला कचरतात आणि मग घाईत चार स्वस्त अर्ज करून मोकळी होतात. काही युनिव्हर्सिट्या फी माफ करतात, त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्रांना हजर राहिलं की कोड देतात, काही विभाग ईमेल केल्यावर देतात. आता बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिकही केली आहे. यादी करतानाच हे बघावं.

आता एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. पैसे कमी पडले की कुणीतरी सांगतं, "फंड दाखवून मिळतात." कुणाच्या तरी खात्यातून तुमच्या खात्यात वीस-पंचवीस लाख येतात, बँकेचं पत्र निघतं, पैसे परत जातात, मधल्या दिवसांचे पैसे घेतले जातात. एका कन्सल्टन्सीतून मला फोन आला होता, की अशा शिलकेवर नेटवर्थ सर्टिफिकेट करून द्या, रेग्युलर काम देऊ. मी नाही म्हटलं आणि पुन्हा फोन करू नका असंही सांगितलं. आम्ही दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटवर 2019 पासून यूडीआयएन हा अठरा अंकी ओळख क्रमांक असतो, तो कुणीही ऑनलाइन तपासू शकतो. माझं लायसन्स जाईल तो भाग वेगळा. पण अमेरिकेच्या कायद्यात व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर तो माणूस कायमचा अपात्र होऊ शकतो. बावीस वर्षांच्या मुलाच्या नावावर हे लागू देणाऱ्या मोठ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. आणि समजा निभावलं, तरी ते पैसे परत गेलेले असतात. दुसऱ्या सेमिस्टरची फी कुठून आणणार? सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. त्यातून किराणा आणि भाड्याला हातभार लागेल, ट्यूशन निघत नाही.

हप्त्याचं गणित मी आता सगळ्यांना एकाच पद्धतीने मांडून देते. 40 लाख कर्ज, साडेदहा टक्के, दहा वर्षं: महिना साधारण 54,000 रुपये. शिकत असताना आणि त्यानंतर काही महिने हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं, ते या आकड्यात नाही. मग मी मुलांना विचारते, पुण्यात परत येऊन नोकरी धरावी लागली तर हा हप्ता जाईल का? वडिलांना हा प्रश्न आवडत नाही, पण विचारायलाच हवा. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष आणि स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांना आणखी 24 महिने काम करता येतं, त्याच्या पुढचं कुणाच्या हातात नाही. सप्टेंबर 2025 मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली, तेव्हा माझ्या ऑफिसचा फोन दिवसभर वाजत होता. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या विद्यार्थी व्हिसाच्या अपॉइंटमेंट काही आठवडे थांबवल्या होत्या, आणि सुरू झाल्या तेव्हा सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची अट आली. अशा बातम्यांत ज्यांचं गणित पुण्याच्या पगारावर बसवलेलं होतं, ती घरं बरीच शांत राहिली.

एक मार्ग आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. सायन्स आणि इंजिनिअरिंगमधल्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा स्टायपेंड मिळतो. मिरजेची एक मुलगी, केमिस्ट्रीत एमएस्सी, आई शिवणकाम करते. तिच्या आय-ट्वेंटीवर कुटुंबाच्या रकान्यात शून्य होतं आणि युनिव्हर्सिटीच्या रकान्यात सगळी रक्कम. माझ्याकडे ती नुसतं विचारायला आली होती, की सर्टिफिकेट खरंच लागत नाही ना. अशा फंडिंगच्या ऑफरला 15 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी तसा करार मान्य केलेला आहे, त्यामुळे दोन दिवसांत हो म्हणा असा दबाव कुणी आणला तर आधी ते तपासा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात आणि अटी दरवर्षी नीट वाचाव्यात, कारण युनिव्हर्सिटीच्या क्रमवारीची अट असते आणि यादी करतानाच ती पाळावी लागते.

पैसे पाठवतानाचं थोडक्यात सांगते. 1 एप्रिल 2025 पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला 10 लाखांच्या वर गेलात तर तो कापला जातो. रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो, म्हणजे इथेही रिटर्न भरणाऱ्याचाच फायदा. ज्याचं रिटर्न भरायचं आहे त्याच्याच पॅनवरून पैसे पाठवा.

माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्याही सीएकडे जायचं असेल तर दिवाळीच्या आधी जा, अर्ज भरायच्या अगोदर. मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. घराचं प्रॉपर्टी कार्ड किंवा खरेदीपत्र, वारसांची नावं, सगळ्या खात्यांची पासबुकं, सोसायटीचं येणं-देणं, सोनं किती आणि त्यावर कर्ज आहे का, जे असेल ते खरं सांगा. आणि पासपोर्ट न्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव पुढे असतं, पासपोर्टवर नाव वेगळ्या क्रमाने असतं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग बँकेत तिसरंच असतं. ते ऑक्टोबरमध्ये दुरुस्त होतं. मे महिन्यात मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये व्हिसाच्या मुलाखतीसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढल्यावर होत नाही.