पांढरी एक, तीन, सहा

हार्मोनियमवर पांढरी एक, तीन आणि सहा एकत्र दाबा. आठ वेळा, सारख्या अंतराने. मग एकवरचं बोट शेजारच्या खालच्या सातवर न्या, बाकीची दोन जागच्या जागी. हे तीन वेळा. मग सहावरचं बोट पाचवर उतरवा; हे पाच वेळा. झालं. एकही काळी पट्टी लागत नाही. लय मिनिटाला साधारण ९३ मात्रांची, अर्ध्या मात्रेला एक ठोका. सोळा ठोक्यांचं हे आवर्तन जेमतेम सव्वापाच सेकंदांत संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अमेरिकन रॅपर-निर्माता डॉ. ड्रेच्या ‘स्टिल डी.आर.ई.’ या गाण्याचा पियानो तो एवढाच.

ज्यांनी आयुष्यात रॅप ऐकलेलं नाही त्यांनाही हे तुकडे ओळखीचे वाटतात, कारण ते रीलमध्ये, रिंगटोनमध्ये, जिममध्ये, कुठेही येऊन आदळतात. त्यामागे एक साधं कारण आहे. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. बेस तर तिथे जवळजवळ नाहीसाच होतो. पियानोचे हे सूर मात्र नेमके स्पीकरला जमणाऱ्या पट्ट्यात आहेत. अर्धं गाणं गळून गेलं तरी ओळख पटते.

वाजवायला सोपं म्हणून सगळे वाजवतात, आणि बहुतेकांचं बिघडतं. पहिली चूक म्हणजे सूर लांबवणं. हार्मोनियमवर बोट वेळेत उचललं नाही तर सगळं भजनाची सुरावट धरल्यासारखं होतं. कीबोर्डवर तीच गत सस्टेन पेडलवर पाय ठेवला की होते. प्रत्येक ठोका तोडून टाकायचा असतो. दुसरी चूक आवर्तनाच्या उत्तरार्धात. तीन आणि पाच अशी विभागणी सोडून हात आपोआप चार-चार वाजवतो. मग मधल्या तीन ठोक्यांचं अधांतरी लटकणं, म्हणजे एक सूर उतरलाय आणि दुसरा अजून उतरायचाय अशी जी अवस्था आहे, ती पसरट होते. तिसरी चूक भावना ओतण्याची. आठांपैकी पहिल्यावर जोर, शेवटच्यावर हळुवारपणा, असलं काही इथे नको. सोळाही ठोके एकाच वजनाचे. त्या निर्विकारपणातच धमकी आहे.

ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे त्याचं नाव ‘२००१’, आणि तो आला नोव्हेंबर १९९९ मध्ये. ड्रेचा हा दुसरा स्टुडिओ अल्बम. पहिला ‘द क्रॉनिक’ १९९२ चा. नव्याचं नाव ‘क्रॉनिक २०००’ ठेवायचं ठरत होतं. पण ज्या डेथ रो रेकॉर्ड्सला सोडून ड्रेने १९९६ मध्ये स्वतःची आफ्टरमॅथ ही कंपनी काढली होती, त्यांनीच त्याच नावाचं एक संकलन आधी बाजारात आणलं. ड्रे एक वर्ष पुढे सरकला. गँगस्टा रॅपमध्ये, म्हणजे गुंडगिरीच्या जगावरच्या रॅपमध्ये, भांडणं गोळ्यांनी सुटतात अशी समजूत असते. हे भांडण एका आकड्याने सुटलं.

त्याआधी या संगीतात आरडाओरडा भरपूर होता. ड्रे ज्या एन.डब्ल्यू.ए. गटात होता त्यांच्या १९८८ च्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मध्ये आवाज चढलेले आहेत, मागचा पसाराही दाट. ‘द क्रॉनिक’मध्ये त्याने लय ढिली केली आणि वर सिंथेसायझरचा तो उंच, चिरका सूर ठेवला. ‘२००१’मध्ये तोही बराचसा काढून टाकला. उरलं काय, तर घट्ट ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), माइक एलिझोंडोच्या हातचा बेस, तारा छेडल्यासारखे व्हायोलिनचे थेंब आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. मवाल्याने आवाज खाली आणला की ऐकणारा जास्त सावध होतो, हे ड्रेला पक्कं कळलेलं होतं.

या मोकळ्या जागेमागे हिशेबही आहे. जुन्या रेकॉर्डचा तुकडा जसाच्या तसा उचलला, तर दोन परवानग्या लागतात: चालीची वेगळी आणि त्या ध्वनिमुद्रणाची वेगळी. तीच चाल स्टुडिओत वादकांकडून नव्याने वाजवून घेतली तर पहिलीवर भागतं, शिवाय प्रत्येक वाद्य सुटं हातात राहतं. बेस वाढवा, ड्रम कोरडा करा, काहीही करा. ड्रे म्हणूनच वादक बसवतो. ‘स्टिल डी.आर.ई.’चा पियानो स्कॉट स्टॉर्चचा, जो आधी फिलाडेल्फियाच्या ‘द रूट्स’मध्ये की-बोर्ड वाजवायचा. अर्थात तुकडे उचललेलेही आहेत. ‘व्हॉट्स द डिफरन्स’मधली ती दिमाखदार ब्रास सुरावट फ्रेंच गायक शार्ल अझनावूरच्या गाण्यातली, आणि ‘द नेक्स्ट एपिसोड’ची गिटार डेव्हिड मॅकॅलम या अभिनेत्याच्या नावावरच्या १९६७ च्या ‘द एज’मधली.

परवानगीचं प्रकरण आफ्टरमॅथला पुढे आपल्याकडच्या एका गाण्यावरूनही भोवलं. २००२ मध्ये त्यांनी ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ काढलं. निर्माता डीजे क्विक, आणि खाली सलग लता मंगेशकरांचा आवाज: ‘ज्योती’ चित्रपटातलं, बप्पी लाहिरींच्या संगीतातलं ‘थोडा रेशम लगता है’. श्रेय कुणालाच नाही. लाहिरी कोर्टात गेले, आणि त्यांचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही असा आदेश २००३ मध्ये अमेरिकन न्यायालयाने दिला.

‘स्टिल डी.आर.ई.’चे शब्दही ड्रेचे नाहीत. ते जे-झी या रॅपरने लिहिले. रॅपच्या दुनियेत दुसऱ्याकडून लिहून घेणं कमीपणाचं मानतात. भावगीतावर पोसलेल्या कानांना यात खटकण्यासारखं काही नाही. कवी एक, चाल बांधणारा दुसरा, गाणारा तिसरा, ही आपली जुनीच सोय. ड्रे मुळात चाल बांधणारा आणि आवाज घासूनपुसून घेणारा माणूस. गाण्यातला दरारा त्या कामातून येतो.

अल्बम निर्दोष नाही. २२ ट्रॅकमध्ये मधले संवादांचे तुकडे वेळखाऊ आहेत आणि अश्लील प्रसंगाचा तर पहिल्या ऐकण्यातच कंटाळा येतो. बायकांविषयीची भाषा त्या काळच्या मापानेही घाणेरडी आहे. बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, कितीही चांगला असला तरी ती घाण त्याने धुतली जात नाही. हिटमन हा नवखा रॅपर इतक्या गाण्यांत येतो की स्नूप डॉग किंवा एमिनेम या नामवंत रॅपरांची वाट बघावी लागते. एमिनेम मात्र ‘फरगॉट अबाउट ड्रे’मध्ये शब्दांची अशी सरबत्ती करतो की यजमानच पाहुणा वाटू लागतो.

पहिल्यांदा ऐकायचा असेल तर मोबाइलवर नको. मोटारीत किंवा बेस नीट देणाऱ्या हेडफोनवर ऐका, बेसचं बटण न वाढवता, कारण मिश्रणात तो आधीच पुरेसा आहे. वाढवलात तर ड्रमची धार जाते. ‘द वॉचर’पासून सुरुवात करा. मग याच अल्बमची शब्द काढून टाकलेली आवृत्ती निघालीय ती लावा आणि ‘एक्सप्लोसिव्ह’मधली गिटार ऐका. शेवटचं ‘द मेसेज’ मात्र शब्दांसकट. ते ड्रेच्या टायरी या भावासाठी आहे, जो १९८९ मध्ये मारामारीत गेला. बीट न्यूयॉर्कच्या लॉर्ड फिनेस या निर्मात्याचा आहे, मेरी जे. ब्लाइज गाते, आणि तासाभराच्या फुशारकीनंतर इथे कुणी कुणाला धमकावत नाही.