१,७७० रुपये न भरता नंबर सोडवला

मुद्द्याची गोष्ट आधी सांगते. पोस्टपेड नंबर दुसऱ्या कंपनीत नेताना जुनी कंपनी एक्झिट चार्ज (मुदतीआधी सोडण्याचा आकार) मागत असेल, तर पैसे भरायच्या आधी तिला विचारा: ही अट मी कधी आणि कशावर मान्य केली, ते दाखवा. मला हे विचारायचं सुचायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि एप्रिलमध्ये मी पुण्याहून देवरुखजवळच्या आमच्या गावी राहायला आले. घरात माझ्या फोनला रेंज नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढून गेलं की दोन काड्या दिसायच्या. शेजारच्या काकूंचा फोन दुसऱ्या कंपनीचा, तो पडवीत बसूनही खणखणीत लागतो. मी घरून हिशेब लिहिण्याची कामं घेते. बँकेचे ओटीपी, आधार, गिऱ्हाइकांचे फोन, सगळं २००६पासून याच नंबरावर आहे. तो टाकून नवीन घेणं शक्यच नव्हतं. नंबर पोर्ट करायचा एवढाच मार्ग.

पोर्टिंग तसं सोपं आहे. मी एकदा २०१३मध्ये केलंही होतं. मेसेजमध्ये इंग्रजी कॅपिटलमध्ये ‘पोर्ट’ लिहायचं, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि तो १९००ला पाठवायचा. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा यूपीसी, म्हणजे नंबर नेण्याचा कोड येतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेलं की झालं. डिसेंबर २०१९पासून नियम बदलला आहे. आता तुम्ही पात्र आहात की नाही हे आधी तपासतात आणि मगच यूपीसी देतात. त्याच कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, मुदत उलटलेलं बिल थकलेलं नको, आणि करारातली एखादी अट अपुरी राहिलेली नको.

माझं गाडं या शेवटच्या अटीवर अडलं. सड्यावर उभी राहून मेसेज पाठवला, दोन मिनिटांत उत्तर आलं की करारातील अट पूर्ण नसल्याने विनंती नाकारली आहे. कसला करार? मी तर कुठे सहीच केली नव्हती.

कस्टमर केअरला फोन लावला. पहिल्या मुलीने सांगितलं, बिल बाकी असेल. बिल भरलेलं होतं. दुसरा म्हणाला, चोवीस तासांनी परत मेसेज करा. केला, तेच उत्तर. तिसऱ्याने मात्र खरं काय ते सांगितलं. नोव्हेंबरमध्ये मी प्लॅन बदलला, त्यावर बारा महिन्यांचं लॉक-इन आहे, आधी सोडायचं तर दीड हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७० रुपये. नोव्हेंबरमध्ये कंपनीतून एक फोन आला होता, तो मला आठवला. भाडं महिन्याला शंभर रुपयांनी कमी होईल, एक ओटीपी येईल तो सांगा. मी सांगितला. बारा महिन्यांचा शब्दही त्या बोलण्यात नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग रत्नागिरीचं स्टोअर. देवरुखहून एसटीने जायलाच दीड-दोन तास, शिवाय आईजवळ कोणीतरी बसवून जायचं. पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “हे बघा मॅडम, सिस्टिममध्ये लॉक-इन दिसतंय.” मी म्हटलं, मला ते काढून हवंय. तो म्हणाला, आमच्या हातात नाही, पुण्याहून होतं, मी रिक्वेस्ट टाकतो. आठवडा गेला, काही नाही. दुसऱ्या वेळी तो मुलगा रजेवर, आणि दुसऱ्याला माझी रिक्वेस्ट सापडेना. तिसऱ्या वेळी मॅनेजर भेटले. माणूस बोलायला चांगला होता. पण त्यांनी सल्ला काय दिला? “ताई, भरून टाका, एवढ्याशा रकमेसाठी किती फेऱ्या माराल?” मी पर्समधून पैसे काढलेही होते. आईला सोडून आलेय, शेवटची गाडी चुकेल, संपवून टाकू, असं झालं होतं.

तेवढ्यात सवयीने विचारलं, “याची पावती कशाच्या नावाने द्याल? आणि कराराची प्रत?” हिशेबाच्या कामात व्हाउचर नसेल तर मी दहा रुपयांचा खर्चही धरत नाही. मॅनेजर म्हणाले, करार कागदावर नसतो, तुम्ही ओटीपी दिलात तीच तुमची संमती. मी पैसे परत पर्समध्ये ठेवले आणि निघाले.

परतीच्या गाडीत नोव्हेंबरचे मेसेज शोधत बसले. सापडले. एकात लिहिलं होतं, प्लॅन बदलण्यासाठीचा ओटीपी, पुढे आकडे, कोणाला सांगू नका. दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये प्लॅनचं नाव, भाडं आणि सुरू होण्याची तारीख. बारा महिने, लॉक-इन, एक्झिट चार्ज यांतलं एक अक्षरही नाही. एवढा आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. म्हणून कंपनीचे मेसेज पुसत जाऊ नका. कुठलाही प्लॅन घेतलात की त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ईमेलवर टाकून ठेवा.

यापुढचं पटपट झालं, कारण आता मी योग्य दार ठोठावलं. स्टोअरमधला मुलगा जी ‘रिक्वेस्ट’ टाकत होता, ती तक्रार नव्हतीच. सर्व्हिस रिक्वेस्ट वेगळी आणि तक्रार वेगळी. तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळतो, आणि तो असेल तरच पुढे अपील करता येतं. फोनवर स्पष्ट म्हणायचं, “माझी तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर द्या.” मला तो मिळाला. चार दिवसांनी ‘चार्ज योग्य आहे’ असं सांगून तक्रार बंद केली. मग अपील. प्रत्येक मोबाइल कंपनीला अपिलासाठी वेगळा अधिकारी ठेवावाच लागतो, त्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो. अपिलाला पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. मधल्या काळात मी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेलाही पत्र लिहिलं, ते वाया गेलं. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. तुम्ही तो वेळ घालवू नका.

अपिलात पाल्हाळ लावलं नाही. दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. नोव्हेंबरच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग आणि बारा महिन्यांच्या अटीला मी दिलेली संमती सादर करा, नसेल तर लॉक-इन काढा, असं लिहिलं. शेवटी हेही लिहिलं, की असं झालं नाही तर मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ही पोकळ धमकी नव्हती. मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी अर्जाचा मसुदाही करून ठेवला होता.

एकोणिसाव्या दिवशी फोन आला. मी सड्यावर कपडे वाळत घालायला गेले होते म्हणून तो लागला तरी. “मॅडम, विशेष बाब म्हणून तुमचा चार्ज माफ केला आहे.” मला ते ‘माफ’ फार लागलं. जे देणं नव्हतंच ते माफ कसं होतं? पण वाद घातला नाही, एवढंच म्हटलं, हे ईमेलवर पाठवा. ईमेल आला. तसा तो मागून घ्याच, कारण दोन दिवसांनी १९००ला मेसेज केला तर पुन्हा नकार! सिस्टिममधून लॉक-इन काढायचंच राहिलं होतं. तोच ईमेल परत पाठवला, संध्याकाळी यूपीसी हातात.

यूपीसी आपल्याकडे चारच दिवस चालतो, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी देवरुखला गेले. आधार दाखवलं, नवं सिम घेतलं. पोर्टिंगचे ६ रुपये ४६ पैसे असतात, तेही दुकानदाराने मागितले नाहीत. एकाच सर्कलमध्ये (टेलिकॉम विभागात) तीन कामाचे दिवस लागतात, तिसऱ्या रात्री जुनं सिम बंद पडलं. सकाळी माजघरात फोन वाजला. आईच्या फिजिओथेरपिस्टचा होता.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. भांडण चालू असताना महिन्याचं बिल अडवून धरू नका. मला फार वाटत होतं तसं करावं, पण थकबाकी दिसली की यूपीसी मिळत नाही आणि त्यांना आयतं कारण सापडतं. पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येतं, तेही भरा. नाहीतर ती कंपनी नव्या कंपनीकडून तुमचा नंबर बंद करवू शकते. माझं शेवटचं बिल बारा दिवसांनी आलं. मी त्यातली ओळ न् ओळ वाचली. १,७७० कुठेच नव्हते. आणि जुनी बिलं ॲपमधून आधीच उतरवून ठेवा. नंबर गेला की ॲपमध्ये लॉगिन होत नाही, माझी गेल्या वर्षाची बिलं तशीच आत राहिली आहेत.