बढतीची यादी

गुरुवार, रात्री उशिरा

बढतीची यादी आज लागली. माझं नाव आहे. पदाच्या आधी आता 'सीनियर' लागणार. अभिनंदनाच्या प्रत्येक मेसेजला मी तोच एक हात जोडलेला इमोजी पाठवला. आनंद झाला, आणि झाला याचं जरा नवलही वाटलं. कारण हुद्द्यांची सगळ्यात जास्त टिंगल मीच करते.

टिंगल व्हावी असे हुद्दे असतातही. गुंतवणूक बँकांत ॲनालिस्ट, असोसिएट झालं की तिसऱ्याच पायरीवर माणूस 'व्हाइस प्रेसिडेंट' होतो. सगळा मजला उपाध्यक्षांनी भरलेला! बड्या वकिली आणि सल्लागार कंपन्यांत तर थांबायचीही सोय नाही. ठरावीक वर्षांत वर चढा, नाहीतर दुसरीकडे बघा.

ही सगळी नुसती मिरवण्याची हौस, असं मी म्हणायचे. व्हाइटहॉलच्या, म्हणजे लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांच्या, अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हापासून तसं म्हणवत नाही. 1967 मध्ये लंडनमधल्या सुमारे 18,000 सरकारी नोकरांच्या तब्येतीची नोंद सुरू झाली. सगळे पुरुष. खाणीत उतरणारं किंवा भट्टीपुढे उभं राहणारं त्यात कुणी नव्हतं. निरोपे, कारकून, अधिकारी, प्रशासक अशी उतरंड. तरी हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण तळाच्या श्रेणीत सर्वात वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही बराच फरक उरलाच. मी हलले ते पुढचं वाचून: फरक फक्त तळ आणि शिखर यांच्यात नव्हता. शिखराच्या एकच पायरी खाली असलेले, बऱ्या पगाराचे, मान असलेले अधिकारीसुद्धा वरच्यांपेक्षा लवकर जात होते.

1985 मध्ये दुसरी फेरी सुरू झाली, त्यात स्त्रियाही होत्या. संशोधक मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून बोट ठेवलं ते कामावरच्या ताब्यावर. काय करायचं, कसं आणि कधी, हे ठरवण्यात तुमचा हात किती? वरच्यांवर कामाचा बोजा कमी होता असं नाही. तो कसा पेलायचा, हे त्यांचं ते ठरवू शकत होते.

म्हणजे पायरी शरीराला कळते. मग माझ्या या नव्या पायरीत नेमकं काय आहे, ते मघापासून शोधतेय. ज्युनियर मंडळींच्या रजा मंजूर करायच्या, पण नवा माणूस घ्यायचा तर तीन सह्या वरून. टार्गेट वरून. अप्रेझलमध्ये कुणाला किती चांगलं म्हणायचं, त्याचंही प्रमाण वरूनच ठरलेलं. शिव्या मात्र मी खायच्या. याउलट आमच्या टीममधले एक सीनियर इंजिनियर. मॅनेजर व्हायला त्यांनी साफ नकार दिला आणि तांत्रिक शिडीनेच वर गेले. कुठलं काम आधी घ्यायचं हे ते स्वतः ठरवतात, आणि नको त्या मीटिंगला सरळ 'येणार नाही' कळवतात. हाताखाली एकही माणूस नाही. त्यांचा हेवा वाटतो, हे इथे लिहून ठेवते.

नाकारणार नाहीये मी. तेवढी विरक्त नाही, आणि पगारही वाढतोय. पण होकार कळवण्याआधी उद्या मॅडमकडे जाऊन विचारणार आहे: कुठले निर्णय माझ्या एकटीच्या सहीने होतील? माणूस निवडताना माझा शब्द चालेल का? मुदत अशक्य असेल तर क्लायंटला तसं मी परस्पर सांगू शकते का? निदान शेवटचं तरी लेखी मागायचं.