जुनी होबी 16, नव्या तारा: दोनापावला ते कोको बीच

दोनापावलाच्या हवाई बीचवरून निघायचं, काबोच्या टोकाला वळसा घालून आग्वादचा उपसागर ओलांडायचा, नेरूलच्या कोको बीचला टेकायचं आणि ऊन उतरायच्या आत परत यायचं. जुनी होबी 16, म्हणजे दोन लांबट पोकळ अंगं (हल) जोडून केलेली शिडाची छोटी बोट, पुन्हा पाण्यात घातल्यावर पहिला मोठा पल्ला म्हणून मी आणि माझ्या धाकट्या दिराने हा मार्ग निवडला. काबोपासून पलीकडचा किनारा जेमतेम पाच किलोमीटरवर आहे, पण एवढ्यात टेकडीचा आडोसा, उघडा दर्या, मांडवीचं मुख आणि नेरूलच्या खाडीतला उथळ भाग असं सगळं भेटतं. कोणाला अशी बोट मिळाली असेल तर पाण्यात उतरण्याआधी काय तपासायचं आणि हा मार्ग कसा करायचा, हे सांगण्यासाठी लिहिते आहे.

होबी 16 ही कॅलिफोर्नियाच्या होबी ऑल्टरची बोट. गेल्या अर्धशतकात जगभर एक लाखाहून जास्त बनल्या. लांबी 5.05 मीटर, रुंदी 2.41, वजन सुमारे 145 किलो. खाली सेंटरबोर्ड, म्हणजे बोट बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी, नाही. दोन्ही हलना केळ्यासारखा बाक असतो आणि आतली-बाहेरची बाजू सारखी नसते, त्यामुळे बोट वाऱ्याने बाजूला सरकत नाही. सुकाणूची पाती तळ लागला की आपोआप वर उचलली जातात. उथळ, वाळूच्या किनाऱ्यासाठी इतकी योग्य शिडाची बोट मला दुसरी माहीत नाही.

हलची भिंत म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये फोम. जुन्या बोटीचं मरण इथेच असतं. थर फोमपासून सुटतो, वरून रंग मात्र झकास दिसतो. मालीमला ट्रॉलरांची फायबरची कामं करणाऱ्या काकांना बोट दाखवली तेव्हा मी रंगाचं विचारत होते. ते म्हणाले, "रंग मागीर गो, पयलीं ठोकून पळय." म्हणजे रंग नंतर, आधी ठोकून बघ. नाण्याने सगळीकडे ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. दोन हल जोडणाऱ्या पुढच्या आडव्या दांड्याच्या पुढे, हलच्या वरच्या पृष्ठभागावर अंगठ्याने दाबा. सगळा जोर तिथे येतो. तिथे पाव-अर्ध्या हातापुरता मऊपणा असेल तर दुरुस्त होतो. दांड्याच्या चारी बाजूंनी मऊ लागत असेल तर फुकटातसुद्धा घेऊ नका.

दुरुस्ती अशी. मऊ भाग पेन्सिलीने आखायचा, दोन-तीन सेंटिमीटरवर बारीक भोकं पाडायची, फक्त वरच्या थरातून. आत ओल असेल तर पंखा लावून पूर्ण वाळू द्यायची, इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. मग पातळ इपॉक्सी सिरिंजने एका भोकातून भरायची. शेजारच्या भोकातून वर आली की ते टेपने बंद करून पुढे जायचं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या फायबरला इपॉक्सीच जास्त घट्ट धरते. हे काम डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा. उन्हात भांड्यातलं मिश्रण बघता बघता तापून घट्ट होतं, आणि पावसाळी दमटपणात वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवायचा आणि मगच सँडपेपर मारायचा.

फायबरसाठी गोव्याबाहेर जायची गरज नाही. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती 56 फुटी बोट दिवाडी बेटावरच बांधली गेली. हे हात इथलेच आहेत, त्यांना विचारायला संकोच करू नका.

हलचा तळ मागच्या बाजूला वाळूवर घासून झिजतो. आम्ही तिथे काचेच्या टेपचे थर इपॉक्सीत बसवले. गळती शोधायला हलवर साबणाचं पाणी लावा आणि ड्रेनच्या भोकातून तोंडाने हवा फुंका, बुडबुडे जागा दाखवतात. कॉम्प्रेसर लावलात तर जोडच उघडतील.

पैसे वाचवू नयेत अशी एक गोष्ट म्हणजे डोलकाठी धरणाऱ्या तारा. खाऱ्या हवेत स्टेनलेस तार जिथे फिटिंगमध्ये शिरते तिथे आतून तुटते. त्या जागी कापूस फिरवा. एक धागा जरी अडकला तरी तार बाद. मागच्या मालकाने कधी बदलल्या ते नक्की कळत नसेल, तर सगळ्या बदला. आम्ही सगळ्या बदलल्या. ट्रॅम्पोलीनचं, म्हणजे दोन हलांमध्ये बसायला ताणलेलं, कापड बरं होतं, शिवण मात्र उन्हाने गेली होती. ताडपत्रीचं काम करणाऱ्या कारागिराने पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने दुहेरी शिवून दिली. अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांत स्टेनलेसचे बोल्ट परत घालताना ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर खारं पाणी दोन्ही धातूंना एकमेकांत जाम करून टाकतं.

आता पाणी. फेब्रुवारीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो दहा-अकरापर्यंत पडतो. मग थोडा वेळ सगळं थंड, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरू लागतो. तीन-चारला तो सगळ्यात जोरात. आम्ही साडेबाराला निघालो. दिवस षष्ठीच्या आसपासचा धरला होता, आणि हे महत्त्वाचं आहे. मांडवीच्या मुखावर ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून खारा वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. म्हणून मुख भरतीतच ओलांडायचं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. षष्ठीला साडेचार वाजता येते. गोव्यात पाणी त्याहून थोडं आधी भरतं, तेव्हा दिवस आडाख्याने ठरवा आणि वेळ मुरगावच्या भरतीच्या तक्त्यावरून घ्या.

डोलकाठी किनाऱ्यावरच उभी करा. ती सुमारे 8 मीटरची अ‍ॅल्युमिनियमची असते आणि आपल्या वाड्यावाड्यांतून विजेच्या तारा डोक्यावर लोंबतात. उभ्या काठीची बोट रस्त्याने ढकलत नेऊ नका. किनाऱ्यावर गाडी न्यायला गोव्यात मनाई आहे, म्हणून रुंद चाकांची हातगाडी लागतेच. दोनापावलाच्या खडकांवर कालवांच्या धारा असतात, तिथे बोट ओढली तर नवा तळ गेलाच.

निघाल्यावर टेकडीच्या आडोशाला वारा तुटक येतो, कधी काहीच नाही, कधी एकदम झोत. इथे मुख्य शिडाची दोरी खिळवून ठेवू नये, हातात ठेवावी. काबोच्या खडकांपासून चांगलं अंतर ठेवून पश्चिमेला गेलो, वारा उजवीकडून. आग्वादचा किल्ला स्वच्छ दिसू लागला तसं तोंड उत्तरेला वळवलं. होबी वळताना मध्येच अडकते, कारण ती हलकी आहे आणि खाली बोर्ड नाही. उपाय सोपा आहे. पुढचं शीड लगेच सोडायचं नाही; ते उलटं फुगून नाक ढकलून देतं, मग सोडायचं. "वहिनी, सोडू?" दर वळणाला तो विचारायचा, आणि नाक पलीकडे गेल्याशिवाय मी हो म्हणत नव्हते.

उपसागरात बार्ज, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी आणि जाळ्यांचे थर्माकोल या तिन्हींवर लक्ष हवं. बार्जला वळायला आणि थांबायला जागा लागते. आपला हक्क न बघता लवकर बाजूला व्हा. मिरामार-करंझाळ्याकडे रांपण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोरीच्या बाहेरून जा, त्यात लोकांचं दिवसाचं पोट अडकलेलं असतं. कोको बीचजवळ पाणी उथळ होतं, सुकाणूच्या कड्या आधीच सैल करा. आम्ही तिथे चहा-पाव खाल्ला आणि सगळ्या पिना, टेप, फिटिंगं पुन्हा तपासली. काही हललं नव्हतं.

परतीला वारा मागून-उजवीकडून होता आणि भरलेला. बोट इथेच सगळ्यात जोरात पळते आणि नाक खुपसून उलटतेही. दोघांनीही अगदी मागे बसायचं. पुढचं नाक पाण्यात जाऊ लागलं की पुढचं शीड आधी सैल करायचं. काबोपाशी वळताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला झपकन जातं. लाट मोठी असेल तर तसं न करता नाक वाऱ्याच्या दिशेने घालून पूर्ण वळसा घ्या, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच.

डोलकाठीच्या टोकाला फुगा जरूर लावा, नाहीतर आडवी पडलेली बोट पूर्ण पालथी होते. हलक्या, एकट्या माणसाला ती उभी करणं जवळपास अशक्य आहे, म्हणून सुरुवातीला दोघं असा. जीवरक्षक जॅकेट अंगात आणि फोन वॉटरप्रूफ पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा 1554 साठवलेला. नोंदणी आणि परवानगीचं पणजीतल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात त्या मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर बोट चढवू नका.

मे संपायच्या आत काठी उतरवा, बोट जमिनीपासून उचलून ठेवा, ड्रेनची बुचं काढून हवा खेळती ठेवा. माडाखाली मात्र नको. एक झावळी पडली तरी पुढच्या जानेवारीत पुन्हा सिरिंज हातात घ्यावी लागेल.