ग्रामसभा वरच्या मजल्यावर, मी खाली

परवा १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली आमच्या गावची. हॉल वरच्या मजल्यावर, जिना सोळा पायऱ्यांचा आणि कठडा एकाच बाजूला, तोही नेमका माझ्या नको त्या बाजूला. मला पोलिओ, एका पायात कॅलिपर आणि हातात कुबडी, म्हणून मी आपला खाली झेंड्याच्या कट्ट्यावर बसलो. थोड्या वेळाने शिपाई रजिस्टर घेऊन खाली आला, म्हणाला दादा इथं सही करा, पेनपण त्यानेच दिला. झालं, कोरममध्ये, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत, मी मोजला गेलो.

संध्याकाळी कळलं की दिव्यांगांच्या ५ टक्के निधीचा विषयपण वर होऊन गेला, 'सर्वानुमते मंजूर'. गावात आम्ही कार्डवाले अकरा जण, त्यातला वर पोचलेला एकच, आणि त्याला ऐकायला कमी येतं!

आता ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के आमच्यावर खर्च करायचे हा नियम चांगलाच आहे, आधी ते ३ टक्के होते. पण कशावर खर्च करायचे हे ठरवताना आम्हाला कोण विचारतं? आम्ही कायम लाभार्थी. फोटोत पुढे, ठरावात कुठेच नाही. बायकांना पंचायतीत ५० टक्के जागा आहेत, एससी, एसटी, ओबीसींना आहेत, दिव्यांगांसाठी मात्र एक वॉर्डसुद्धा राखीव नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी नोकरीत ४ टक्के देतो, पण सदस्य व्हायचं तर सगळ्यांसारखं लढा, दारोदारी फिरा, चिखलातून फिरा.

तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत कायदा बदलला, नगरपालिकांपासून ग्रामपंचायतींपर्यंत दिव्यांग माणूस नॉमिनेट करायचा. एकट्या ग्रामपंचायतींमध्येच बारा हजारांच्या वर जागा, आणि त्याआधी तिथल्या सगळ्या शहरी संस्थांत मिळून निवडून आलेले दिव्यांग होते फक्त ३५. आपल्या स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, नगरसेवकासारखंच काहीसं, आणि स्वीकृतमध्ये कोणाची माणसं जातात हे तुम्हाला माहितीये, त्यामुळे आमदाराचा एखादा लंगडा भाचा आत जाईल हेपण मी धरूनच चाललोय. (लंगडा मी म्हणू शकतो, तुम्ही म्हणू नका.) तरी चालेल, निदान त्या भाच्यासाठी तरी मीटिंग खाली घ्यावी लागेल.

नाहीतर आपल्याकडची जुनी तऱ्हा बघा, ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग झालेला माणूस निवडणूक लढवू शकत नव्हता आणि २००८ साली सुप्रीम कोर्टानेही ते बरोबर ठरवलं होतं. २००८! मोबाईल आले होते तेव्हा.

असो. सोमवारी अर्ज दिलाय, २ ऑक्टोबरची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात घ्या म्हणून. पोचपावतीवर शिक्का मारून घेतलाय, तोही खालीच, शिपायाला दोनदा वर-खाली करायला लावून. ग्रामसेवक जिन्यातूनच म्हणाले, बघू, पाऊस नसला तर.